मालक कोण?

कामावरून काढले, वर राहिलेली मजुरीही दिली नाही, तर कामगाराने दाद कोठे मागायची? १९४७चा औद्योगिक विवाद कायदा आला तेव्हा एकट्या कामगाराची बडतर्फी हा 'औद्योगिक विवाद' ठरत नसे. संघटनेने किंवा सहकाऱ्यांनी ती तक्रार आपली म्हणून उचलून धरावी लागे. मुंबईच्या गिरणी कामगाराच्या पाठीशी युनियन असे. ज्याला कोणी नाही, त्याच्यासाठी कलम २-अ यायला १९६५ साल उजाडले. पुढे महाराष्ट्राने १९७१ साली अनुचित कामगार प्रथांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला.

पण दाव्याचा पहिला प्रश्न राहिलाच : तुझा मालक कोण? २००१ साली कल्याणी स्टील्सच्या कॅन्टीनमधील कंत्राटी कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालक-कामगार हे नातेच वादात असेल तर १९७१च्या कायद्याखालची तक्रार चालणार नाही. आधी ते नाते दुसरीकडे सिद्ध करून या.

हा प्रश्न बीडच्या ऊसतोड कामगाराला विचारून पाहा. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघते. उचल देतो मुकादम, करार मुकादमाचा आणि कारखान्याचा, ऊस शेतकऱ्याचा. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. बाईची मजुरी वेगळी अशी लिहिलीच जात नाही. एक दिवस आजारी पडले तर मजुरी बुडते ती बुडतेच, वर खाड्याचे पैसे कापले जातात. आणि हंगाम संपता संपता हिशेबाला बसावे, तर येणे निघण्याऐवजी कामगाराकडेच बाकी निघते! मजुरी मागायला निघालेला माणूस देणेकरी होऊन परततो. अशाने दावा कोण लावील?

कायदे नव्हते असे नाही. १९७६च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज रद्द ठरवले. १९८२च्या एशियाड खटल्यात किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे ही घटनेच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरी ठरली. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात तर, कंत्राटदाराने प्रत्येक कामगाराला फोटोचे पासबुक द्यावे, त्यात मजुरीचा दर, कपात, परतीचे भाडे नोंदवावे, असे होते. कोर्टात दाखवायला याहून चांगला कागद कोणता? मात्र तो कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांचा होता. बीडची टोळी बेळगावकडे गेली तर पासबुकाचा हक्क असे. तीच टोळी कोल्हापुरातच थांबली, तर नसे.