वडाळ्याच्या पुढचं स्टेशन : आश्रय, अटी आणि आपण

आजचा भाग थोडा नाजूक विषयावर आहे. आपला देश सोडून जीव वाचवायला आलेल्या माणसाचं काय करायचं, हा तो विषय. त्याला आत घ्यायचं का, घेतलं तर किती दिवस, कुठे आणि कोणाच्या खर्चानं? टीव्हीवर या विषयाची चर्चा लागली की दहा मिनिटांत आरडाओरडा सुरू होतो. आपण तसं न करता इतिहासात जाऊ. फार लांब जायचं नाही, वडाळ्याच्या आसपासच फिरायचं आहे.

हार्बर लाईनवर वडाळा रोड सोडलं की कुर्ल्याच्या दिशेला पुढचं स्टेशन येतं ते गुरू तेगबहादूर नगर. सगळे त्याला जीटीबी नगर म्हणतात. जुन्या माणसांच्या तोंडी अजून कोळीवाडाच आहे, कारण स्टेशनचं आधीचं नाव तेच होतं. आता विचार करा, सायनच्या कोळ्यांच्या वस्तीशेजारच्या स्टेशनला शिखांच्या नवव्या गुरूंचं नाव कसं काय मिळालं? उत्तर एका शब्दात द्यायचं तर फाळणी.

पण फाळणीकडे जाण्याआधी एक मोठी उडी मारू. वडाळ्याच्या दुसऱ्या बाजूला, पाच गार्डनच्या भोवती, दादर पारशी कॉलनी आहे. पारशी लोक इराणातून धर्म वाचवण्यासाठी गुजरातच्या किनाऱ्यावर आले, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. दुधात साखर विरघळवल्याची गोष्टही माहीत असते. राजानं काठोकाठ भरलेला दुधाचा पेला पाठवला, म्हणजे आमच्याकडे जागा नाही. पारशी धर्मगुरूंनी त्यात साखर घातली, म्हणजे आम्ही जागा न अडवता गोडवा वाढवू. गोष्ट सुंदर आहे. पण पारशांची स्वतःची जुनी कथा ज्यात आहे, त्या सुमारे १६०० सालच्या ‘किस्से-संजान’ या फारसी काव्यात दूध-साखर नाही. तिथे आहेत अटी. तुमचा धर्म काय ते समजावून सांगा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला वेष घालावा, शस्त्रं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा. अटी मान्य झाल्या आणि जागा मिळाली.

हे काव्यसुद्धा घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेलं आहे, त्यामुळे त्यातलं सगळं अक्षरशः धरता येणार नाही. पण एक फरक लक्षात ठेवा. लोकांच्या आठवणीत साखर राहिली आणि लिखाणात अटी राहिल्या. आश्रय देणाऱ्याच्या मनातली भीती आणि आश्रय मागणाऱ्याची गरज, दोन्ही त्या अटींत दिसतात. आजच्या वादातही याच दोन गोष्टी समोरासमोर उभ्या आहेत.

आता १९४७. पंजाबातून रेल्वेनं आणि सिंधमधून बहुतेक बोटींनी माणसं निघाली. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली आणि तिथल्या हिंदू-शिखांचा धीर सुटला. कराचीहून निघालेली बोट जवळच्या मोठ्या बंदरात येणार, म्हणजे मुंबईत. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि लष्कराच्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या. सायन कोळीवाड्यातल्या बराकी, चेंबूर, मुलुंड आणि सगळ्यात मोठी म्हणजे कल्याणची लष्करी छावणी, या ठिकाणी निर्वासितांना ठेवलं गेलं. कल्याणच्या त्या छावणीचंच पुढे उल्हासनगर झालं. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली.

त्या वेळची मुंबई कशी होती? १९४१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या होती सुमारे १५ लाख. १९५१ला ती २३ लाखांच्या वर गेली. ही वाढ एकट्या निर्वासितांमुळे झाली नव्हती. युद्धकाळात कामासाठीही खूप लोक आले होते. पण परळ-लालबागच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणाऱ्या गिरणी कामगाराला हा हिशेब कोण समजावणार? त्याला दिसत होतं ते एवढंच, की खोली मिळत नाही, पागडी परवडत नाही, नळाला पाणी नाही, रेशनला रांग आहे आणि वर हे नवे लोक आले आहेत.

हे नवे लोक गप्प बसणारेही नव्हते. सिंधी पोरं लोकलच्या डब्यात गोळ्या, पेनं, सेफ्टी पिना विकायला लागली. घरोघरी पापड लाटले जाऊ लागले. फुटपाथवर कापडाचे ढीग लागले. कमी नफा घ्यायचा आणि जास्त माल खपवायचा, ही त्यांची रीत. जुन्या दुकानदाराच्या पोटात गोळा येणारच. ‘निर्वासित’ हा शब्द मराठीत हळूहळू शिवीसारखा वापरला जाऊ लागला. ज्यांना तो चिकटला त्यांना तो बोचायचा. म्हणूनच त्यांच्यातले काही जण स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेत, म्हणजे स्वतःच्या हिमतीवर उभे राहणारे.

आणि सरकार? मुंबई सरकारनं १९४८मध्ये एक कायदाच केला, बॉम्बे रेफ्युजीज ॲक्ट. निर्वासितांची नोंदणी करायची आणि त्यांनी कुठे राहायचं याचं नियंत्रण सरकारच्या हातात ठेवायचं, असा त्याचा रोख होता. शहरात गर्दी नको, छावण्यांत जा, दुसऱ्या जिल्ह्यांत जा. ज्यांच्यासाठी देश हळहळत होता, ज्यांच्यासाठी वर्गण्या गोळा होत होत्या, त्याच माणसांसाठी हा कायदा होता. म्हणजे आज आपल्याला वाटतं की फाळणीच्या निर्वासितांना सगळ्यांनी हात पसरून जवळ घेतलं, तर तसं सरळ काही झालेलं नाही.

मग फरक कशानं पडला? माझ्या मते कागदानं. राज्यघटनेच्या कलम ६नुसार १९ जुलै १९४८च्या आधी पाकिस्तानातून आलेला माणूस, त्याची मुळं अखंड हिंदुस्थानातली असतील तर, भारताचा नागरिक मानला गेला. नंतर आलेल्यांना नोंदणीची वाट होती. १९५४ला मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा कायदा आला. म्हणजे शेजाऱ्याच्या कपाळावर आठ्या असल्या तरी या माणसाला मत होतं, नोकरीचा हक्क होता, दुकानाचा परवाना मागता येत होता, पोरांना शाळेत घालता येत होतं. बाकीचं काम वेळेनं केलं. आज मुंबईभरच्या हॉटेलांत ‘कोलंबी कोळीवाडा’ मिळते ना? तिचा जन्म याच सायन कोळीवाड्यातल्या पंजाबी हॉटेलातला, असं सांगतात. कोळ्यांची कोलंबी आणि पंजाब्यांचा ओवा-बेसन. ही पाककृती कोळ्यांच्या घरातली नाही, निर्वासितांच्या कढईतली आहे.

कौतुक करताना दुसरी बाजूही सांगायला हवी. जीटीबी नगरमध्ये या कुटुंबांसाठी १९५०च्या दशकात २५ इमारती उभ्या राहिल्या. त्यांत सुमारे १२०० घरं. काळाच्या ओघात त्या धोकादायक ठरल्या, लोकांना बाहेर पडावं लागलं आणि पुनर्विकासाचा प्रश्न वर्षानुवर्षं भिजत पडला. शेवटी म्हाडाकडे तो गेला. आश्रय दिला की सरकारचं काम संपलं, असं नसतं. तिसऱ्या पिढीलाही त्याच्या खुणा भोगाव्या लागतात.

आता तुम्ही म्हणाल, ते आपलेच लोक होते. बरोबर आहे. म्हणून दुसरं उदाहरण अगदी परक्यांचं घेऊ.

कोल्हापूरजवळचं वळिवडे. १९४० आणि ४१मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरिया आणि मध्य आशियात नेऊन टाकली. हिटलरनं रशियावर हल्ला केल्यावर जुलै १९४१मध्ये करार झाला आणि त्यांची सुटका झाली. इराणमार्गे ती बाहेर पडली. त्यांतली काही मुलं जामनगरजवळच्या बालाचडीत आली, तिथल्या जामसाहेबांच्या आश्रयाला. आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीतल्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. भाषा वेगळी, धर्म वेगळा, जेवण वेगळं. तरी तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होती, स्काउट होते. कोल्हापूरच्या बाजारात ती मोकळी फिरायची.

हे इतकं सुरळीत का झालं? करवीरकरांचं मन मोठं होतं, हे खरंच. पण आणखी कारणं आहेत. माणसांची नोंद होती. खर्चाचा भार लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारनं उचलला होता. छावणी कायमची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. युद्ध संपल्यावर पोलंड सोव्हिएत छायेखाली गेला, अनेकांची गावं तर सोव्हिएत हद्दीतच गेली, म्हणून बरेच जण परत न जाता ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेकडे गेले. म्हणजे जबाबदारी अनेक देशांनी वाटून घेतली.

आणि त्या रिकाम्या बराकींत नंतर कोण आलं? सिंधी निर्वासित. तेच आजचं गांधीनगर, कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ. कोल्हापूर-सांगलीकडचे श्रोते लग्नाचा बस्ता बांधायला तिथे गेलेच असतील. एकाच जागेनं दोन निर्वासित समाज पाहिले. पोलंड मात्र विसरलेला नाही. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे आणि वॉर्सामध्ये वळिवडे-कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

तिसरं उदाहरण १९७१चं. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आली. त्रिपुरात तर निर्वासितांचा आकडा स्थानिक लोकसंख्येच्या जवळ पोहोचला. त्याचा खर्च मुंबईतल्या माणसानंही उचलला. त्या नोव्हेंबरपासून टपालावर ५ पैशांचं जादा तिकीट लागायचं. सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच ‘रेफ्युजी रिलीफ’ असा शिक्का छापून ते विकलं. तुमच्या आजीच्या ट्रंकेत जुनी पत्रं असतील तर बघा, सापडेल. रेल्वे आणि विमानाच्या भाड्यावरही कर बसला. १९७३ला हे कर रद्द झाले. तोवर बहुतेक निर्वासित परतलेही होते, कारण भारतानं पहिल्यापासून सांगितलं होतं की ही माणसं परत जातील.

आता आजकडे येऊ. भारतानं १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही. आपल्याकडे आश्रय मागणाऱ्यांसाठी वेगळा कायदाच नाही. १९४६चा विदेशी नागरिक कायदा होता, त्याची जागा २०२५च्या नव्या कायद्यानं घेतली. पण छळामुळे पळून आलेला आणि कामधंद्यासाठी चोरून आलेला, या दोघांना वेगळं ओळखण्याची ठरलेली पद्धत त्यातून मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक गटाला वेगळा न्याय मिळतो. गोंदिया जिल्ह्यात नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत १९७२पासून आहे. तिबेट्यांना नोंदणीपत्र मिळतं. श्रीलंकेच्या तमिळांची व्यवस्था वेगळी, रोहिंग्यांच्या वाट्याला आणखी वेगळं. चकमांच्या प्रकरणात १९९६ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. २०२१ला रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं की परत न पाठवलं जाण्याचा हक्क हा नागरिकांच्या राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे. म्हणजे जगायचा हक्क आहे, पण इथेच राहायचा नाही. मग जिथे पाठवणार तिथे जीवच धोक्यात असेल तर काय? हा प्रश्न अधांतरी राहतो.

माझं मत सांगतो, तुम्हाला पटायलाच हवं असं नाही. लोकांची तक्रार खोटी नसते. १९४८च्या चाळकऱ्याची नव्हती, आजच्या अँटॉप हिलमधल्या रहिवाशाचीही नाही. त्याला नुसतं माणुसकीचं व्याख्यान देऊन भागत नाही. पण ‘सगळे घुसखोर’ म्हणूनही भागत नाही, कारण त्या एका शब्दात खरा छळ सोसलेला माणूस गाडला जातो. देशानं तीन-चार साध्या गोष्टी कराव्यात. येईल त्याची नोंद करावी. त्याचं म्हणणं ठरलेल्या मुदतीत ऐकून निर्णय द्यावा, लेखी आणि कारणांसह. निर्णय होईपर्यंत काम करू द्यावं, म्हणजे तो चोरून राबणार नाही आणि स्थानिकाची मजुरीही पडणार नाही. ज्याचा दावा खरा नाही त्याला परत पाठवावं, पण जिथे मरण आहे तिथे कोणालाच ढकलू नये. आणि भार एकाच वस्तीवर, एकाच सीमावर्ती राज्यावर टाकू नये. १९७१ला ५ पैशांच्या तिकिटानं तो सगळ्या देशात वाटला होता.

अटी घालाव्यात का? जरूर घालाव्यात. अटी स्पष्ट असल्या की दोन्ही बाजूंना आपण कुठे उभे आहोत हे कळतं. अट पाळणाऱ्याला जागा मिळते, हे मात्र आधी सांगायला हवं आणि मग पाळायला हवं. आज आपल्याकडे नेमकं तेच सांगणारं कोणी नाही.

तुमच्या घरात फाळणीची, ७१ची, किंवा छावणीशेजारी राहिल्याची आठवण असेल तर आजी-आजोबांकडून ऐकून लिहून ठेवा. त्रास झाला असेल तर तोही लिहा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.