परवडणारी बर्फपेटी कशी निवडावी आणि बर्फ जास्त वेळ कसा टिकवावा

बासरचा उन्हाळा सभासदांना नव्याने सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि नेमके तेव्हाच लग्नाचे मुहूर्त, मुलांच्या सुट्ट्या, अक्षराभ्यासासाठी देवीच्या दर्शनाला येणारे पाहुणे आणि नांदेड-पंढरपूरकडचे प्रवास जमून येतात. दूध, दही, श्रीखंड, ताक, हार-गजरे आणि घरातल्या एखाद्याचे इन्सुलिन थंड कसे ठेवायचे, हा प्रश्न तेव्हा प्रत्येक घरात येतो. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. इथे कूलर म्हणजे खिडकीतला वाळ्याचा कूलर नव्हे, तर बाजारात आइस बॉक्स या नावाने मिळणारी बर्फपेटी.

बर्फाचा जमाखर्च

आमची नोकरी बँकेत गेली, त्यामुळे आधी हिशेब मांडतो. १ किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. ही आपली जमा. खर्च तीन वाटांनी होतो : पेटीच्या भिंतींतून आत येणारी उष्णता, झाकण उघडताना येणारी गरम हवा आणि आपण आत ठेवतो त्या वस्तूंची स्वतःची उष्णता. बहुतेकांचे लक्ष पहिल्या खर्चाकडे असते. प्रत्यक्षात तिसरा खर्च सर्वांत मोठा ठरू शकतो.

उदाहरण घेऊ. आत २५ लिटर जागा आणि १ इंच जाडीच्या पफ भिंती असलेली पेटी सावलीत ठेवली आहे आणि बाहेर ४२ अंश आहे. ढोबळ गणिताने तिच्या भिंतींतून तासाला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळेल. तेवढ्याच जाडीच्या थर्माकोल पेटीत सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. झाकणाच्या फटी आणि वारंवार उघडणे यांमुळे दोन्ही आकडे वाढतात.

आता याच पेटीत उन्हात तापलेल्या, ४० अंशांच्या १० लिटर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. त्या ५ अंशांवर आणायला ३५० किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ साडेचार किलो बर्फ खर्ची पडतो. भिंतींतून १९-२० तासांत वितळला असता तेवढा बर्फ आपण सुरुवातीलाच घालवला. म्हणून पहिला नियम असा की पेटीत जाणारी प्रत्येक वस्तू आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये असावी. याला पैसा लागत नाही, आणि महागड्या पेटीने जेवढा फायदा होईल त्याहून अधिक फायदा यातून होतो.

पेटी घेताना काय पाहावे

१. भिंतीची जाडी आणि आतला भराव. पफ, म्हणजे फेसाळ पॉलियुरेथेन, थर्माकोलपेक्षा सरस. मात्र जाड थर्माकोल पातळ पफला सहज मागे टाकतो. जाडी दुप्पट झाली की भिंतीतून येणारी उष्णता जवळपास निम्मी होते.

२. झाकण. बोटाने ठोकून पाहावे. स्वस्त पेट्यांत बऱ्याचदा भिंती भरीव आणि झाकण मात्र पोकळ असते. पोकळ, पोचट आवाज आला तर दुसरी पेटी पाहावी.

३. झाकणाची पकड. दहाची नोट झाकणात अडकवून ओढावी. ती चारही बाजूंनी अडली पाहिजे. घरी आणल्यावर रात्री पेटीत चालू टॉर्च ठेवून दिवे घालवावेत. उजेडाची रेघ दिसली तर तिथे फट आहे.

४. आकार. मोठी अर्धी रिकामी पेटी घेण्यापेक्षा लहान गच्च भरलेली बरी. घरगुती वापराला १० ते १५ लिटर आणि छोट्या कार्यक्रमाला २५ लिटर पुरते. भरलेली २५ लिटरची पेटी पंचवीस-तीस किलोंपर्यंत जाते. स्टेशनचा जिना ती घेऊन चढायचा आहे, हे दुकानातच आठवावे.

वर्षातून एकदोनदाच गरज असेल तर पेटी विकत घेऊच नये. औषधांच्या दुकानात थंड औषधे थर्माकोलच्या पेट्यांतून येतात. विचारल्यास रिकामी पेटी मिळते. ती स्वच्छ पुसावी, आत जाड प्लॅस्टिक अंथरावे आणि झाकणाची कड चिकटपट्टीने बंद करावी. मासळीची पेटी खाद्यपदार्थांसाठी वापरू नये.

बर्फ टिकवण्याचे मार्ग

बर्फ लादीच्या रूपात घ्यावा. एकसंध लादीचा पृष्ठभाग कमी, म्हणून ती सावकाश वितळते. चुरा लवकर थंड करतो आणि लवकर संपतो. घरी स्टीलच्या डब्यात किंवा बाटल्यांत पाणी गोठवावे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून बाटली काठोकाठ भरू नये. बाटलीतल्या बर्फाचा आणखी एक उपयोग म्हणजे वितळल्यावर ते पाणी पिता येते.

मोठ्या लादीचे महत्त्व जुन्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा बर्फ बोस्टनहून ‘टस्कनी’ जहाजाने कलकत्त्याला आला. सुमारे १८० टन निघाला आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन शिल्लक होता. त्या काळी कुठलेही यंत्र नव्हते. मोठे ठोकळे, त्यांची फटी न ठेवता केलेली रचना आणि भोवती उष्णता अडवणारा जाड थर, एवढ्यावर ते साधले. बर्फ लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळण्याची आपल्याकडची रीतही त्याच तत्त्वावर चालते.

पेटी भरण्याआधी काही तास तिच्यात थंड पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात, म्हणजे तापलेल्या भिंती आधीच निवतात. भरताना तिसरा हिस्सा ते निम्मी जागा बर्फाला द्यावी. थंडी खाली उतरते, म्हणून थोडा बर्फ वरही असावा. उरलेल्या पोकळीत वर्तमानपत्र किंवा टॉवेल कोंबावा. पिण्याचे पाणी वारंवार लागते, त्यासाठी शक्यतो वेगळी पेटी किंवा माठ ठेवावा.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो, त्याचाही उपयोग करून घ्यावा. पेटी सावलीत, वारा लागेल अशी, दोन विटांवर ठेवून तिच्यावर ओले गोणपाट टाकावे. माठ ज्या कारणाने गार होतो त्याच कारणाने पेटीचा बाहेरचा पृष्ठभाग गार राहतो. गोणपाट सुकले की पाणी शिंपडावे. पावसाळी दमट हवेत मात्र हा उपाय फारसा चालत नाही.

वितळलेले पाणी सारखे काढत बसू नये. बर्फ शिल्लक आहे तोवर तेही थंडच असते. पुड्या भिजू लागल्या किंवा नवा बर्फ घालायचा असेल तेव्हा काढावे. बर्फावर मीठ टाकू नये. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये आपण मीठ घालतो ते शून्याखाली तापमान नेण्यासाठी, आणि त्यात बर्फ लवकर संपतो.

खाण्याचा बर्फ आणि निळा बर्फ

ज्या बर्फाचा पदार्थाशी किंवा पेयाशी संबंध येतो तो पिण्यायोग्य पाण्याचाच हवा. अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचे निर्देश अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली दिले. निळसर बर्फ सरबतात किंवा ताकात कधीही घालू नये. बर्फ पांढरा असला तरी तो कुठल्या पाण्याचा, हे विचारूनच घ्यावा. दुधाचे पदार्थ ५ अंशांच्या खाली राहावेत. भर उन्हाळ्यात बाहेर तासाभराहून अधिक राहिलेले श्रीखंड पुन्हा पेटीत ठेवून वाढू नये. थंड केल्याने बिघडलेला पदार्थ सुधारत नाही.

इन्सुलिन : गोठले तर वाया

हा भाग आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका वैशाखात मातोश्रींना घेऊन पंढरपूरला निघालो होतो. इन्सुलिन गरम होऊ नये म्हणून आम्हीच त्याची बाटली बर्फाच्या दोन तुकड्यांमध्ये खोचली. मुक्कामी पोहोचल्यावर ती गोठलेली होती. वितळल्यावर नेहमीसारखी दिसली म्हणून वापरली. दोन दिवस साखर खाली येईना. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यायचे असते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले. मातोश्री लवकर सावरल्या, पण ते दोन दिवस आम्ही विसरलेलो नाही.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. आरोग्यसेविका लसी आणतात तो डबा पाहावा. त्यात बर्फाचे पॅक भिंतींना लागून आणि लसी मधोमध असतात. फ्रीजरमधून काढलेले पॅक हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत बाहेर ठेवतात आणि मगच भरतात. घरीही तसेच करावे. औषध कोरड्या डब्यात, डबा टॉवेलात आणि मग पेटीत, बर्फाला न टेकता. सोबत साधा थर्मामीटर ठेवावा. उघडलेल्या बाटलीबाबत खोक्यातल्या चिठ्ठीवर लिहिलेले तापमान आणि दिवस पाळावेत. औषध गोठल्याची शंका आली तरी ते वापरू नये.

निघण्याच्या आदल्या रात्री

वस्तू फ्रीजमध्ये ठेवल्या का? बाटल्यांत पाणी गोठवायला लावले का? पेटीत थंड बाटल्या ठेवून ती निववली का? औषधाचा डबा वेगळा बांधला का? एवढे पाहिले तर साधी पेटीही बासरहून पंढरपूरपर्यंत बर्फ पोहोचवते.