दूधनळीचे रेल्वेकुळ

स्वयंचलित कॉफीयंत्रातून दुधाच्या भांड्यात सोडलेली आणि वेळोवेळी बदलावी लागणारी सिलिकोनची नळी हा किरकोळ सुटा भाग मानला जातो. तिचे कुळ मात्र वाफेच्या रेल्वे इंजिनापर्यंत जाऊन पोहोचते. तुरीनच्या आंजेलो मोरियोंदोचे १८८४ मधील पेटंट आणि मिलानच्या लुईजी बेझ्झेराचे १९०१ मधील यंत्र हे सर्वपरिचित टप्पे कॉफीच्या इतिहासातले आहेत. दुधाची वाट निराळी आहे.

पंप नसतानाही दूध नळीतून वर चढते, याचे श्रेय बहुधा जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञाला दिले जाते, कारण अरुंद गळ्यातून वाहताना प्रवाहाचा वेग वाढतो आणि तेथील दाब घटतो, हे त्याने १७९७ मध्ये मांडले. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. अत्तराच्या फवाऱ्यातही हेच तत्त्व असते, पण तेथे अत्तर तापत नाही. गोठ्यातील दोहनयंत्राच्या रबरी नळीशी नाते जोडण्याचा मोहही होतो; तथापि तेथे ओढ निर्वात पंपाची असते, आणि दूध गरम होण्याचा प्रश्नच येत नाही.

कॉफीयंत्रात तोटीतून सुटलेली वाफ दूध खेचते आणि त्याच दुधात विरून पाणी होते. असे होताना दर ग्रॅम वाफेमागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता दुधाला मिळते, म्हणजे उचलणे आणि तापवणे ही दोन्ही कामे एकाच झोतात उरकतात. हे जुळे कार्य आँरी जिफार या फ्रेंच अभियंत्याच्या १८५८ मधील इंजेक्टरमध्ये, म्हणजे वाफेच्या रेल्वे इंजिनांत बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या उपकरणामध्ये, पुरेपूर आढळते. १८५२ मध्ये वाफेवर चालणारे हवाईजहाज उडवणाऱ्या या माणसाने बॉयलरच्याच वाफेने टाकीतले पाणी खेचून, तापवून, पुन्हा त्याच बॉयलरमध्ये घुसवले, आणि तेही एकही हलता भाग न वापरता. कॉफीयंत्राने यातले दाबाविरुद्ध घुसवणे वगळले आणि फेसासाठी हवा घेणारे एक सूक्ष्म छिद्र जोडले.

या नात्याची खूण नळीच्या दुखण्यातही दिसते. इंजेक्टरच्या शोषणनळीत सैल जोडातून हवा शिरली की पाण्याची ओढ तुटते. दूधनळीचे टोक सैलावले किंवा तिला चीर गेली की नेमके हेच घडते, छिद्राने मोजून घेतलेल्या हवेत आगंतुक हवेची भर पडते, आणि मऊ फेसाऐवजी मोठे बुडबुडे येतात. म्हणूनच नवी नळी घेताना लांबीपेक्षा आतला व्यास आणि टोकाची घट्ट पकड अधिक महत्त्वाची ठरते.