सुईदोऱ्याचे प्रदर्शन पाहताना

विणकाम-भरतकामाच्या प्रदर्शनाला चार मैत्रिणी मिळून निघाल्या, की घरातले एखादे वडीलधारे माणूस हटकून विचारते, “त्यात पाहण्यासारखे असते तरी काय? सुई आणि दोरा तर आपल्याही घरात आहे!” प्रश्न रास्त आहे. जी वस्तू घरोघरी आहे ती पाहायला एस्टीचे भाडे खर्चून कशाला जायचे? या प्रश्नाचे उत्तर मला इतिहासात सापडते, आणि ते शोधायला फार लांब जावे लागत नाही. पाचाडपासूनच सुरुवात करू.

रायगडाच्या पायथ्याचे पाचाड तुम्हांला ठाऊक आहे. ६ जून १६७४ रोजी गडावर राज्याभिषेक झाला आणि अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाऊंनी पाचाडास देह ठेवला. त्यांची समाधी तिथे आहे. त्यांच्या वाड्याचा तट, दगडी जोती, विहिरी आजही पाहायला मिळतात. पण क्षणभर विचार करा, हा वाडा नांदता असताना त्यात काय काय असेल? दारांना पडदे, बसायला बिछायती, निजायला गाद्या आणि दुलया, देवघरात वस्त्रे. महाराजांच्या अठरा कारखान्यांत वस्त्रांचा जामदारखाना आणि तंबू-बिछायतींचा फरासखाना असे दोन स्वतंत्र कारखाने होते, म्हणजे कापडाचा संभार केवढा असेल पाहा. पोलादपूरच्या पलीकडे प्रतापगडाखाली १६५९ साली अफजलखानाच्या भेटीसाठी जो शामियाना उभारला, त्याच्या थाटाचे वर्णन बखरकारांनी केले आहे. तोही कापडाचाच. पाचाडच्या त्या वाड्यात आज दगड आहेत, धागा एकही नाही.

याचे कारण तुम्ही रोज पाहता. चार महिने कोसळणारा पाऊस, दमट हवा, वाळवी आणि कसर. कोकणात दगड टिकतो, तांबे-पितळ टिकते. कापड दोन पिढ्या टिकले तर भाग्य म्हणायचे. म्हणून बायकांच्या हातांचा इतिहास शोधायला किल्ल्यावर जाऊन भागत नाही. तो राहिला आहे हाताच्या सवयीत. आजीने आईला आणि आईने लेकीला टाका दाखवला, एवढाच त्याचा दफ्तरखाना. प्रदर्शनात आपण पाहतो तो हाच दफ्तरखाना, टेबलावर मांडलेला.

आता हा इतिहास थोडक्यात पाहू. जुन्या काळी आपला मुख्य पोशाख न शिवलेला होता : लुगडे, धोतर, पागोटे, उपरणे. शिवायचे ते थोडे : चोळी, बंडी, बाराबंदी, अंगरखा, तान्ह्या मुलाची कुंची, पानाची चंची, बटवा. हे काम शिंपी करीत, आणि त्या धंद्याला कमीपणा नव्हता. संत नामदेव शिंप्याच्या घरचे. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि त्यांतल्या एका पदात त्यांनी गज, कात्री आणि सुईदोरा यांनाच भक्तीचे रूपक केले आहे. सुई हे फक्त बायकांचे काम, असे जे अलीकडे मानले जाते, ते तेव्हा कोणी मानत नव्हते, हे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे.

घरची बाई शिवत असे ती गोधडी. आपल्याकडे कोणी तिला वाकळ म्हणते. लुगडे विरले की टाकायचे नाही. त्याच्या घड्या एकावर एक अंथरायच्या आणि धावदोऱ्याने सगळे थर एकजीव करायचे. मुंबईत १८५० च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या, पुढे कोकणातले गडी गिरणीत गेले, आणि गिरणीचे कापड सणासुदीला गावी येऊ लागले. गोधडीचे रंग बदलले, टाका तोच राहिला. एकाच गोधडीत सासूचे लुगडे, मुलाचा सदरा आणि लेकीचे परकर-पोलके सापडते. घराण्याची वंशावळच म्हणा ना!

क्रोशाची गोष्ट वेगळी. क्रोशे हा शब्द फ्रेंच, अर्थ छोटा आकडा. गोव्यात पोर्तुगीज अमलात ही कला रुजली आणि आजही तिथल्या मान्य हस्तकलांत तिची गणना होते. दोन सुयांवरचे विणकाम त्याहून जुने. इजिप्तमध्ये निळीत रंगवलेल्या सुती धाग्यांचे विणलेले मोजे सापडले आहेत, ते आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे. इंग्लंडात विल्यम ली नावाच्या माणसाने १५८९ साली मोजे विणायचे यंत्र केले. म्हणजे यंत्र आणि हात यांची स्पर्धा चारशे वर्षांहून अधिक जुनी आहे, आणि हात अजून थांबलेला नाही.

आपल्या शाळांत सुई आली ती एकोणिसाव्या शतकात. अमेरिकन मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली, आणि मिशनच्या अशा शाळांतून वाचनाबरोबर शिवणही शिकवले जाऊ लागले. इथून पुढे जो वाद झाला तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १८८४ साली पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी खटपट सुरू झाली, तेव्हा रमाबाई रानडे यांनी गव्हर्नरांपुढे इंग्रजीतून अर्ज वाचून दाखवला. ते हायस्कूल निघाले. हुजूरपागा म्हणून ते प्रसिद्ध आहे. पण तिथल्या अभ्यासक्रमावर ‘केसरी’ने कडक टीका केली. मुलींना इंग्रजी विद्या नको, मराठी, नीती आणि शिवण एवढे पुरे, असा त्या टीकेचा रोख होता. पाहा बरे, बिचारी सुई! तिला पुढे करून पुस्तक काढून घ्यायचे, असा तो डाव झाला.

आणि गंमत अशी, की याच रमाबाईंनी पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले, त्यात शिवणाचे आणि भरतकामाचे वर्ग चालवले. मग त्यांचे मत बदलले का? मुळीच नाही. सेवासदनात लिहिणे-वाचणे होते, परिचारिकांचे शिक्षण होते, आणि सुईही होती. त्याआधी पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले, पुढे केडगावला मुक्ती सदन उभे केले. तिथेही शिक्षणाच्या जोडीला विणणे, शिवणे असे उद्योग ठेवले. ज्या विधवेला माहेरी आधार नाही आणि सासरी मान नाही, तिच्या हाती चार पैसे यावेत, हा त्यांचा हेतू. तीच सुई, पण एकाने ती कुंपण म्हणून वापरली आणि दुसरीने ती भाकरी म्हणून दिली. कला चांगली की वाईट हे कलेवर ठरत नाही. ती शिकवताना दुसरे काय काढून घेतले, यावर ठरते.

प्रदर्शनांची चालही याच काळातली. लंडनला १८५१ साली मोठे जागतिक प्रदर्शन भरले, त्यात हिंदुस्थानची वस्त्रे आणि भरतकाम मांडले होते. आपल्याकडे राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांना जोडून स्वदेशी मालाची प्रदर्शने भरू लागली. १९०४ च्या डिसेंबरात मुंबईला असे औद्योगिक प्रदर्शन भरले, आणि त्याच दिवसांत तिथे भारत महिला परिषद रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली झाली. आता ‘महालक्ष्मी सरस’ हे प्रदर्शन बचतगटांच्या बायका मुंबईत येऊन स्वतः चालवतात. माल त्यांचा, गल्ला त्यांचा. शंभर वर्षांत पडलेला फरक यात दिसतो.

लोकरीबद्दल एक शंका तुमच्या मनात येईल. आमच्या महाडात घाम निथळतो, तिथे लोकर हवी कोणाला? याचे उत्तर पलटणीत आहे. महाड तालुक्यातले एक गाव फौजी आंबवडे म्हणूनच ओळखले जाते. शेजारच्या माणगावकडचे यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत लढताना कामी आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपली माणसे अशी थंड मुलखांत गेली, आणि त्यांच्यामागे घरी सुया चालू लागल्या. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा देशभर शाळांतून आणि महिला मंडळांतून जवानांसाठी स्वेटर, मोजे आणि कानटोप्या विणल्या गेल्या. एक सुलट, एक उलट विणत बसलेली बाई त्या थंडीत पहाऱ्यावर उभ्या असलेल्या, तोंडही न पाहिलेल्या माणसाची काळजी घेत होती.

आता प्रत्यक्ष प्रदर्शनात काय पाहाल? पहिली गोष्ट, वस्तू उलटून पाहा. अर्थात मांडणाऱ्या बाईंना विचारून. भरतकामाची खरी परीक्षा पाठीमागून होते. धागे ओढलेले नाहीत, गाठी लोंबत नाहीत, तर हात तयार आहे असे समजावे. विणलेल्या वस्तूत काठ पाहा. टाके सारख्या ताणाचे असले तर काठ वाकडा होत नाही. दुसरी गोष्ट, टाक्यांची नावे विचारा : साखळी, गाठीचा, काश्मिरी. बाईंनी ते नाव कोणाकडून ऐकले, तेही विचारा. तिथे इतिहास बोलू लागतो.

तिसरी गोष्ट किमतीची, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गोधडीची किंमत ऐकून आपण म्हणतो, “बाई गं, एवढे पैसे? जुन्या कापडाचीच ना ती?” शिक्षकांनी हे गणित फळ्यावर करून दाखवावे. गोधडी दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद. धावदोऱ्याच्या ओळी एकेक सेंटिमीटरवर धरल्या तर ओळी झाल्या १५०. प्रत्येक ओळ दोन मीटरची, म्हणजे दोरा चालला ३०० मीटर. सेंटिमीटरला एक टाका धरला तरी टाके झाले ३०,०००. मिनिटाला वीस टाके असा चपळ हात असला तरी १,५०० मिनिटे, म्हणजे २५ तास. यात कापड धुणे, उसवणे, अंथरणे आणि कडा मुडपणे धरलेलेच नाही. आता मजुरीच्या दराने गुणून पाहा आणि मग ठरवा, की किंमत जास्त होती की आपली समजूत कमी होती.

शेवटी एक सूचना करतो. जुलै २०२१ मध्ये महाड शहरात पुराचे पाणी शिरले, तळिये गावावर दरड कोसळून माणसे गेली. पाण्याने आणि चिखलाने घरोघरच्या पेट्या आणि अंथरुणे नेली. दोन पिढ्या जपलेले कापड एका रात्रीत जाऊ शकते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून उरले आहे ते नोंदवून ठेवू या. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिनकर केळकरांनी जन्मभर हिंडून जमवलेल्या वस्तूंत जुनी वस्त्रेही आहेत. एका माणसाने ते केले. आपल्याजवळ तर सबंध शाळा आहे.

१२ जानेवारीला जिजाऊंची जयंती येते. दिवस कोरडे असतात, कापड बाहेर काढायला उत्तम. त्या दिवशी पाचाडच्या, महाड-पोलादपूरच्या शाळांनी एका वर्गात गावचे छोटे प्रदर्शन भरवावे. प्रत्येक मुलामुलीने घरची एक वस्तू आणावी : कुंची, चंची, तोरण, स्वेटर, गोधडी, काहीही. बाजूला एक वही ठेवावी आणि चार रकाने आखावेत : वस्तू कोणती, कोणी केली, कोणत्या साली, कापड कोणाचे होते. दुसऱ्या रकान्यात ‘आजीने’ एवढेच लिहू देऊ नका. आजीचे पूर्ण नाव लिहायला सांगा. मुलाला ते ठाऊक नसेल, तर घरी जाऊन विचारून यायला सांगा, आणि मुलग्यांच्याही हाती सुई देऊन एक ओळ धावदोरा घालून घ्या.