बारामतीचा इंजिनिअर आणि गालावरचे खड्डे

चेहऱ्यावरच्या वणांची गोष्ट आपल्याकडे देवीपासून सुरू होते. माझी आजी एखाद्याची ओळख सांगताना सहज म्हणायची, 'तो नाही का, तोंडावर देवीचे वण असलेला!' रत्नागिरीत वाढलेल्या माझ्या पिढीला असे चेहरे फारसे दिसलेच नाहीत. १४ जून १८०२ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. भारतातली ती पहिली यशस्वी लस. १९७७मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला.

देवी गेली, मुरुमं राहिली. माझ्या गालांवर त्यांचे खड्डे बारावीपासून आहेत. लग्नासाठी फोटो द्यायची वेळ आली की घरात फिल्टरची चर्चा होते. म्हणून लेझर आणि रेडिओफ्रिक्वेन्सीच्या एकत्रित उपचारांबद्दल वाचायला लागलो आणि थेट बारामतीला पोहोचलो.

चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८चा, बारामतीचा. पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि १९६१मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. जगातला पहिला लेझर आदल्याच वर्षी, १९६०मध्ये, तयार झाला होता. पटेलांनी १९६४मध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. आज खड्ड्यांसाठी जगभर वापरला जाणारा किरण तो हाच.

त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. ती पाणी झटकन शोषून घेतं आणि आपली त्वचा पाण्याने भरलेली असते. त्यामुळे किरण पडताच वरचा पातळ थर वाफ होऊन उडतो, खालचा तापतो आणि जखम भरताना नवं कोलॅजन तयार होतं. खड्डा भरतो तो या कोलॅजनने.

१९९०च्या दशकात डॉक्टर अख्ख्या चेहऱ्याचा वरचा थर असा काढत. खड्डे उथळ व्हायचे. पण लाली महिनोन्‌महिने टिकायची, कधी त्वचेचा रंगच कायमचा उडायचा. २००४मध्ये मॅनस्टाइन, अँडरसन आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट दाखवली. त्यांनी त्वचेत फक्त सूक्ष्म ठिपक्यांपुरती उष्णता दिली आणि मधली त्वचा शाबूत ठेवली. ही शाबूत त्वचाच शेजारची जखम लवकर भरते. पुढे पटेलांचा किरणही असाच ठिपक्या-ठिपक्यांनी वापरला जाऊ लागला.

तरी आपल्यासारख्या सावळ्या त्वचेचा प्रश्न उरतोच. हा किरण रंग शोधत नाही, पण वरची त्वचा भाजली की ती काळे डाग धरते. इथे रेडिओफ्रिक्वेन्सी उपयोगी पडते. तीही जुनीच. १९२६मध्ये बॉस्टनला हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोवी यांच्या यंत्राने, अशाच विजेच्या प्रवाहाने, मेंदूच्या शस्त्रक्रियेतला रक्तस्राव थांबवला होता. आता तोच प्रवाह बारीक सुयांमधून त्वचेच्या आतल्या थरात सोडतात. वरचा थर फारसा भाजत नाही, म्हणून डागांचा धोका कमी होतो. एकत्रित उपचारात लेझर खड्ड्यांच्या कडा आणि पृष्ठभाग पाहतो, सुया खोलवरचं काम करतात.

हा सगळा इतिहास कमीत कमी भाजायला शिकण्याचा आहे. म्हणून 'एका सिटिंगमध्ये चेहरा गुळगुळीत' अशी जाहिरात दिसली की मी पुढे सरकतो. खड्डे उथळ होतात, पुसले जात नाहीत. सुईच्या टोकासारखे अरुंद, खोल खड्डे या दोन्हींना दाद देत नाहीत. त्यांना वेगळे उपाय लागतात. नवीन मुरुमं येत असतील तर आधी ती थांबवायची. सिटिंग बऱ्याच लागतात, मध्ये काही आठवडे जाऊ द्यावे लागतात, आणि त्या काळात कोकणातल्या उन्हात सनस्क्रीनशिवाय बाइकवर फिरणं म्हणजे डागांना आमंत्रण.

पैसे भरण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला तीन गोष्टी विचारायच्या मी ठरवल्या आहेत: माझे खड्डे कोणत्या प्रकारचे आहेत, माझ्यासारख्या रंगाच्या त्वचेवर हे यंत्र तुम्ही किती वेळा वापरलंय, आणि डाग पडले तर पुढे काय करणार? नीट उत्तरं मिळाली तर करेन. नाही मिळाली तर लग्नाचा फोटो फिल्टरशिवायच जाईल.