'ग्राफ्ट' : एक शब्द, दोन कमाया

माणसांप्रमाणें शब्दहि परदेशीं जातात, आणि तेथें कांहींची चालचलणूक पालटते. इंग्रजी बोलींतील 'ग्राफ्ट' हा शब्द याचें चांगलें उदाहरण आहे. उत्तर इंग्लंडांत एखाद्या मजुरास 'ग्राफ्टर' म्हटलें, तर तो आपल्या कष्टांचा गौरव समजतो. अमेरिकेंतील एखाद्या नगरसेवकास तोच शब्द लावला, तर तो अब्रूनुकसानीची फिर्याद करावयास धांवेल.

झाडाच्या कलमासहि इंग्रजींत 'ग्राफ्ट' म्हणतात. त्या शब्दाचें मूळ ग्रीक भाषेंतील लेखणीच्या नांवांत आहे. तासलेली डहाळी टोंकदार लेखणीसारखी दिसते, म्हणून तें नांव पडलें. मराठींतहि 'कलम' म्हणजे लेखणी, आणि आंब्याचें कलमहि! परंतु कष्टवाचक 'ग्राफ्ट' बहुधा या घराण्यांतला नव्हे. फावड्याच्या एका घावासरशी जेवढी माती निघे, तिच्या खोलीस इंग्लंडांत 'ग्राफ्ट' म्हणत. चिकणमातींत चालणाऱ्या लांब, अरुंद पात्याच्या फावड्याच्या नांवांतहि हा शब्द असे. कालवे आणि लोहमार्ग ज्यांनीं खणले, त्या 'नॅव्ही' म्हणविणाऱ्या मजुरांचें आयुष्य अशाच हत्यारांवर गेलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास 'ग्राफ्ट' म्हणजे अंगमेहनत हा अर्थ रूढ झाला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथेंहि तो चालतो.

अमेरिकेंत त्याच शतकांत हा शब्द चोरभामट्यांच्या तोंडीं गेला आणि त्यांच्या धंद्याचें नांव झाला. १९०१ सालीं जोसाया फ्लिंट यानें त्या जगावर पुस्तक लिहिलें. १९०४ मध्यें लिंकन स्टेफन्स याच्या ग्रंथानें मोठ्या शहरांच्या कारभारांतील लांचलुचपत उघडी केली. पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या 'टॅमनी हॉल' या पक्षसंस्थेचा पुढारी जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट याचीं भाषणें पुस्तकरूपानें निघालीं. त्यानें 'प्रामाणिक ग्राफ्ट' असा एक भेदच सांगितला! पूल अथवा उद्यान कोठें होणार, ही बातमी आधीं मिळवावी, तेथील जमीन स्वस्तांत घ्यावी आणि मग सरकारास चढ्या भावानें विकावी. यांत चोरी ती कसली, असें त्याचें म्हणणें.

एकानें माती खणून पोट भरलें. दुसऱ्यानें मातीला हात न लावतां घर भरलें. दोघांच्या कमाईस नांव मात्र एकच. भारतांतील इंग्रजी वृत्तपत्रांचे मथळे या शब्दाचा दुसराच अर्थ वापरतात, त्यामुळें पहिला अर्थ येथील वाचकांस बहुधा ठाऊकच नसतो. परिणामीं इंग्लंडांतील एखाद्या प्रामाणिक कष्टकऱ्याची स्तुति वाचतांना तो लांचखाऊ असावा, असा गैरसमज व्हावयाचा. मराठीनें घामाचा पैसा आणि हरामाचा पैसा यांना निरनिराळीं नांवें ठेविलीं आहेत. शब्दांतला तो भेद व्यवहारांतहि टिकविणें हें बोलणाऱ्यांच्या हातीं आहे.