हप्त्याची तारीख आणि मनातलं पुस्तक

१८९० साली हरि नारायण आपट्यांनी पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं. आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था ते पाहत होते, सार्वजनिक कामांचा रगाडा होता, आणि आता दर आठवड्याला अंक भरायचा होता. त्या अंकातला बराच मजकूर ते स्वतः लिहीत. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही मराठी कादंबरीला नवी दिशा देणारी कादंबरी वाचकांसमोर आली ती याच पानांतून, हप्त्याहप्त्यानं. या ओढाताणीची किंमतही त्यांनी मोजली. त्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या.

पोटासाठी, मागणीवरून लिहायचं आणि मनातलंही लिहायचं, ही कसरत मराठी लेखकाला निदान सव्वाशे वर्षं ठाऊक आहे. मागणीच्या लेखनाला तारीख असते, मानधन असतं, आणि तगादा लावणारा संपादक किंवा निर्माता असतो. मनातल्या पुस्तकाला यातलं काही नसतं, म्हणून ते मागे पडत जातं. मराठीत ते तगलं, तेव्हा बहुतेक वेळा कुणीतरी त्यालाही तारीख दिलेली होती.

अशी तारीख देणारी सर्वांत टिकाऊ संस्था १९०९ साली जन्मली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक त्या वर्षी काढला आणि मराठीत दिवाळी अंकांची प्रथा रुजली. सणाची तिथी लेखकाला पुढे ढकलता येत नाही. अंक छापायला जायच्या आत कथा हातावेगळी करावीच लागते. वर्षभर वर्तमानपत्रात बातम्या लिहिणारा किंवा शाळेत शिकवणारा माणूस पावसाळ्यात आपल्या कथेसाठी बैठक मारू लागला, कारण संपादकाचं पत्र येऊन पडलेलं असे.

मग बोलपट आला आणि लेखणीला पूर्वी कधी नव्हता तेवढा पैसा मिळू लागला. वि. स. खांडेकर १९२० पासून कोकणातल्या शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ या कादंबऱ्या त्या गावातल्याच दिवसांतल्या. १९३६ साली हंस पिक्चर्सच्या ‘छाया’ची कथा त्यांनी लिहिली, पाठोपाठ ‘ज्वाला’ आणि ‘देवता’ आले, आणि १९३८ साली शिरोडं सोडून ते कोल्हापूरला गेले. १९४२ च्या ‘क्रौंचवध’नंतर त्यांची पुढची कादंबरी ‘अश्रू’ यायला १९५४ उजाडलं. या खंडाचं सगळं खापर चित्रपटावर फोडता येणार नाही. पण चित्रकथांची मागणी याही काळात होती, आणि तोवर कादंबरीमागून कादंबरी देणारा लेखक बारा वर्षं त्या वाटेला गेला नाही, ही नोंद बोलकी आहे. पुढे १९५९ साली ‘ययाति’ आली, जिच्यामुळे ज्ञानपीठ पुरस्कार प्रथमच मराठीत आला.

याच खांडेकरांनी एका तरुण कवीसाठी संपादकाहूनही मोठं काम केलं. वि. वा. शिरवाडकर तेव्हा वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत राबत होते. त्याआधी नाशिकमध्ये ‘सती सुलोचना’ या चित्रपटाचं लेखन करून त्यात भूमिकाही केली होती. त्यांच्या कविता खांडेकरांनी पदरमोड करून १९४२ साली ‘विशाखा’ या नावानं छापल्या. नोकरीतून उरलेल्या वेळात लिहिलेल्या कवितांचं पुस्तक झालं, आणि त्यांचं कुसुमाग्रज हे टोपणनाव घरोघर पोचलं.

मागणीचं आणि मनातलं यांची सर्वांत विलक्षण गाठ पडली ती ग. दि. माडगूळकरांच्या बाबतीत. माणदेशातल्या गरिबीतून आलेला हा मुलगा कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत शिरला आणि काही काळ खांडेकरांचा लेखनिक होता. पुढे कथा, पटकथा, संवाद, गाणी असं सगळंच त्यांच्याकडे येऊ लागलं. निर्माता प्रसंग सांगे, संगीतकार चाल ऐकवी, आणि माडगूळकर त्यात शब्द बसवून देत.

१९५५ मध्ये पुणे आकाशवाणीच्या सीताकांत लाड यांच्या पुढाकारानं ‘गीतरामायण’ ठरलं. १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, पहिलं गीत प्रसारित झालं. दर आठवड्याला नवं गीत, सुधीर फडक्यांची चाल, गायक-वादकांची तालीम आणि प्रसारण, असा तो फेरा होता. योजना बावन्न गीतांची होती. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून चार गीतं वाढली आणि संख्या छप्पन्न झाली. रेडिओची ही मागणी होती, तारखेची होती, आणि माडगूळकरांनी तीत आपलं सर्वोत्तम काव्य ओतलं. याच सुमारास, १९५६ साली, त्यांचा ‘जोगिया’ हा कवितासंग्रह निघाला. १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आला, त्याची कथाही माडगूळकरांचीच. रेडिओ, सिनेमा आणि स्वतःची कविता ही तिन्ही कामं एकाच लेखणीनं त्या दोन-तीन वर्षांत पार पाडली.

शान्ता शेळके यांचं आयुष्यही अशाच वाटण्यांचं होतं. आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये पत्रकारिता, मग महाविद्यालयात अध्यापन, अनुवाद, चित्रपटगीतं. ‘डॉ. वसंत अवसरे’ या टोपणनावानंही त्यांनी गीतं लिहिली. विजय तेंडुलकर वृत्तपत्रांतून सदरं लिहीत नाटककार झाले. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आलं ते १९६७ साली, ‘रंगायन’ या संस्थेनं. वाट पाहणारी नाट्यसंस्था पाठीशी असणं म्हणजे नाटककाराला मिळालेली तारीखच. पुढे ‘सामना’पासून ‘अर्धसत्य’पर्यंतच्या पटकथांनी त्यांच्या नावाचा दबदबा सिनेमातही निर्माण केला.

अरुण कोलटकरांनी वेगळा मार्ग धरला. जाहिरात क्षेत्रात ते नावाजलेले कलादिग्दर्शक होते. कविता त्यांनी बाजारापासून आणि तारखांपासून लांब ठेवली. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ साली आल्या. त्यानंतर मराठी वाचकाला ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’साठी २००३ पर्यंत थांबावं लागलं. मात्र काळा घोड्याजवळच्या ‘वेसाइड इन’मधली गुरुवार दुपारची बैठक त्यांनी वर्षानुवर्षं पाळली. वेळ मिळेल तेव्हा लिहू, या भरवशावर तेही राहिले नव्हते.

आज मुक्त लेखन करणाऱ्या मराठी माणसाकडे कामं पूर्वीपेक्षा अधिक तऱ्हेची आहेत: दैनंदिन मालिकांचे भाग, जाहिरातींचा मजकूर, डबिंगचे संवाद, माहितीपटांचं निवेदन. मालिकेला तर रोजचा भाग लागतो. आपट्यांचा आठवड्याचा हप्ता त्यापुढे निवांत वाटेल. कथेला आणि कवितेला दिवाळी अंक अजून तारीख देतात. कादंबरीला मात्र ‘करमणूक’सारखं साप्ताहिक घर उरलेलं नाही. ती लिहिणाऱ्याला दोन-तीन वर्षं कुणीही विचारत नाही, आणि त्या काळात मालिकेचा फोन रोज वाजत असतो. एखाद्या मोठ्या दैनिकानं आपल्या रविवार पुरवणीत वर्षाला एक नवी कादंबरी क्रमशः छापायचं ठरवलं, प्रत्येक हप्त्याचं मानधन आधी जाहीर केलं आणि ते वेळेवर दिलं, तर आज मालिकांच्या लेखनकक्षात बसलेल्या कितीतरी जणांना आपलं पुस्तक पुरं करता येईल.